दार, एक नग

अलकापुरीतल्या हॉटेलात दोन दिवस
आम्ही नेतृत्व शिकलो.
पिवळ्या चिठ्ठ्यांवर आपापली भीती लिहून
भिंतीला चिकटवली. जेवणात तीन मिठाया होत्या.
सोमवारी मकरपुऱ्याला कारखान्यात शिरताच
मी सुताराला बोलावून म्हटलं,
माझ्या केबिनचं दार काढा.

रमणभाईंनी बिजागऱ्यांचे बारा स्क्रू काढले.
एक गंजलेला, तो तासभर ऐकेना.
"पाछुं क्यारे लगाडवानुं?"
परत नाही लावायचं, मी म्हटलं.
त्यांनी स्क्रू तरीही पुडीत बांधून ठेवले.

स्टोअरच्या रजिस्टरात शिर्क्यांनी नोंद केली :
दार, फ्लश, सागवानी पट्टीसह, एक नग.
शेरा : मॅडमच्या सांगण्यावरून.

त्यानंतर माझ्याकडे कोण कोण आलं, सांगते.
लेथचा आवाज आला.
कॅन्टीनची मांजर आली
आणि फायलींच्या कपाटामागे व्याली.
माणसं चौकटीशी थांबत
आणि जिथे दार होतं त्या हवेवर
बोटाच्या पेराने टकटक करत.
खरंच करत. आवाज यायचा नाही,
तरी मी "या" म्हणायचे.
दर शनिवारच्या सभेत मी म्हणायचे, मोकळेपणाने बोला,
आणि चाळीस माणसं
सेफ्टी शूजच्या लोखंडी टोकांकडे बघत.

ऑगस्टात साठ्याचा ताळा जुळेना
म्हणून मी स्वतः स्टोअरला गेले.
ऑइलच्या दोन पिंपांवर आडवं टाकलेलं माझं दार.
त्यावर वर्तमानपत्र, सेव-उसळ, तरीची किटली, पाव,
आणि भोवती आठ जण, सगळे एकदम बोलणारे.
मला कधीच न सांगितलेलं
तिथे कांद्यासारखं चिरून ठेवलेलं :
नवा गेज खोटं माप दाखवतो.
रात्रपाळीचा सुपरवायझर बॉयलरमागे झोपतो.
आणि धवल राठवाला मार्चमध्ये मिळालेला मेमो
खरं तर कुणाचा होता.

मग कुणीतरी मला पाहिलं.

कडी लागावी तसे सगळे गप्प झाले.
रमणभाईंनी लाकूड तेवढं काढलं होतं,
उरलेलं मी तोंडावर घेऊन फिरत होते.

धवल तिथेच होता,
पाव तोंडाशी नेता नेता थांबलेला.
त्या चाळीस व्हॉल्व्हची प्रेशर टेस्ट अर्धी राहिलीय,
त्याने फोन करून सांगितलं होतं.
मी गाडीत, विश्वामित्रीच्या पुलावर, घाईत,
म्हटलं होतं, पाठवून दे रे, बघू.
अंकलेश्वरहून माल परत आला
तेव्हा मेमोवर त्याचं नाव होतं
आणि खाली माझी सही,
मोठी, वळणदार.

कार्यशाळेत या जागेसाठी चिठ्ठी नव्हती.

"तो मेमो माझ्या नावाचा होता," मी म्हटलं.
मराठीत म्हटलं. निम्म्यांना कळलं,
निम्म्यांना शेजाऱ्याने हळूच सांगितलं.
धवलने पाव उसळीत बुडवला, खाल्ला,
सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत.
बोटं पुसली. मग विचारलं,
"लखी आपशो?"
लिहून देते, म्हटलं, आत्ता.
मी रजिस्टर ओढलं तर शिर्के ओरडले,
पान फाडू नका, क्रमांक आहेत!
शेवटी एका चलनाच्या पाठीवर,
उसळीचे डाग चुकवत, दारावरच लिहिलं.

धवलने कागदाची चार घड्यांची घडी करून
खिशात घातली. हसला वगैरे नाही.
शिर्क्यांनी पायाने एक खोका माझ्याकडे सरकवला.
"बसा. पण तरी तिखट आहे हं."

बसताना दिसली, दाराला अजून लावलेली
माझ्या नावाची पितळी पाटी.
तिच्यावर कुणीतरी चिरलेला कांदा ठेवला होता.
मी तो तिथूनच घेतला.